घर किती खणांचं? माळवदाच्या लाकडाची आणि त्याच्या भेगांची गोष्ट



पूर्वी सोयरीक जुळवायला आलेली माणसं दोन गोष्टी विचारायची. शेत किती, आणि घर किती खणांचं? खण म्हणजे दोन तुळयांच्या मधली जागा. चार खणांचं घर म्हणजे बेताचं, बारा खणांचं म्हणजे खातंपितं. घराचं माप भिंतीवरून कुणी काढत नव्हतं, ते लाकडावरून निघायचं. आता आपण 'किती स्क्वेअर फूट' म्हणतो आणि खण हा शब्द चोळीपुरता उरलाय.

आज मला या खणांच्या लाकडाबद्दल बोलायचंय, आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल, ती म्हणजे लाकडाची भेग. विषय सुताराचा वाटेल. पण आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव जुनी माळवदं पाडली जाताहेत, लाकूड ट्रकमध्ये भरून पुण्या-मुंबईकडे चाललंय, आणि सौदा करताना घेणारा पहिलं बोट ठेवतो ते भेगेवर. "ताई, हा खांब तर फुटलाय, याचे काय पैसे द्यायचे?" असं म्हणतो आणि निम्म्या भावात उचलतो. पुढं तोच खांब शहरातल्या हॉटेलात भेगेसकट दिमाखात उभा राहतो. म्हणून भेग म्हणजे काय, ती का पडते, आणि आपली जुनी माणसं ती टाळायला काय करत होती, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

माळवदाची रचना आधी आठवून घेऊ. खाली दगडाचं उथळं. त्यावर खांब. खांबाच्या डोक्यावर आडवा हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यावर कुठं पाला, कुठं तुराट्या, आणि सगळ्यांवर मातीचा जाड थर. पुष्कळ घरांत हा सांगाडा आपल्या जागी स्वतंत्र उभा असतो आणि बाहेरून दीड-दोन हात रुंदीची दगडमातीची भिंत असते. छपराचं वजन लाकूड पेलतं, भिंत स्वतःपुरती उभी राहते. खिळा जवळजवळ नाहीच. एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या भोकात बसवायचं, इतकंच. त्यामुळे लाकूड वाळून आकसलं की सांधा ढिला झाला, आणि कुसवालाच चीर गेली तर तो सांधा कायमचा गेला.

हे लाकूड यायचं कुठून? आपल्याकडे बालाघाटाच्या डोंगररांगा आहेत, पण दाट जंगल फारच थोडं. ज्याच्याकडे पैसा त्यानं बाहेरून सागवान आणावं. बाकीच्यांनी बांधावरची बाभूळ, दारातला निंब, जुना आंबा यांच्यावर भागवावं. लाकडाची ही टंचाई काही आजची नाही. १७१५ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल बजावून सांगितलंय. सागवान लागेल ते परवानगीनं तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, माणसांनी लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं अगदी जीर्ण झालेलं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच तोडावं. राज्य चालवणाऱ्याला झाडाच्या मालकाची समजूत काढायला सांगणारा हा मजकूर मला फार आवडतो. पुण्याचा शनिवारवाडा बांधताना, म्हणजे १७३० ते १७३२ मध्ये, सागवान आणलं ते जुन्नरच्या जंगलातून. पेशव्यांना सागवान मिळालं. आपल्या पणज्यांच्या वाट्याला बाभूळ आली, आणि बाभळीचा स्वभाव जरा तापट. टणक, वजनाला दांडगी, पण घाईनं वाळवली तर तडतड फुटणारी.

आता भेग पडते का, ते बघू. हे आपल्याला स्वयंपाकघरातूनच कळेल.

काठवट आठवा. एकाच लाकडातून कोरलेली, भाकरीचं पीठ मळायची. सासू नव्या सुनेला दोन गोष्टी बजावायची. काठवट धुऊन उन्हात पालथी टाकायची नाही, आणि नवीन काठवट तेल पाजल्याशिवाय वापरायला काढायची नाही. का? कारण लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी चढतं. तोडल्यावर नळ्यांच्या पोकळीतलं पाणी आधी जातं. तेवढ्यानं लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या १०० किलोमागं साधारण ३० किलो पाणी उरलं की मग नळ्यांच्या भिंतीतलं पाणी निघायला लागतं, आणि तिथून लाकूड आकसायला सुरुवात होते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा आकडा ३० वरून १० च्याही खाली येतो. म्हणजे आकसणं भरपूर.

बरं, सगळीकडून सारखं आकसलं असतं तर काही बिघडलं नसतं. पापडही आकसतो, पण चहूकडून. लाकूड तसं करत नाही. लांबीत ते जवळजवळ कमी होतच नाही. गाभ्यापासून सालीकडे थोडं आकसतं, आणि वर्तुळांच्या दिशेनं त्याच्या दुप्पट. सागवान त्यातल्या त्यात शहाणं लाकूड. तरी एक फूट रुंदीची ओली सागाची फळी पूर्ण वाळेपर्यंत, ती कशी कापलीय त्यावर, पाऊण ते दीड सेंटिमीटर कमी होते. आता आख्खा गोल ओंडका डोळ्यांपुढं आणा. त्याच्या घेराला जास्त लहान व्हायचंय आणि आतल्या गाभ्याला कमी. घट्ट बांगडी मोठ्या मनगटावर चढवावी तसं होतं. बांगडी तडकते. सालीपासून गाभ्याकडे जाणारी जी उभी भेग आपण खांबावर बघतो ती हीच.

दुसरं कारण घाई. बाहेरचा भाग आधी वाळतो, आतला ओलाच राहतो. बाहेरच्याला आकसायचंय, आतला आकसू देत नाही. सांडगे कडक उन्हात घातले की वरून पापुद्रा धरतात, तडकतात आणि आत कच्चे राहतात, ते याच जातीचं. आणि तिसरी गोष्ट, जी फार कमी जणांना ठाऊक असते. ओंडक्याची दोन्ही तोंडं, जिथं नळ्या उघड्या पडतात, तिथून पाणी बाकीच्या अंगापेक्षा दहापट आणि त्याहूनही वेगानं निघून जातं. म्हणून भेग आधी टोकाला पडते. टोकं बंद केली तर अर्धी लढाई तिथंच जिंकली.

जुन्या लोकांकडे यावर चार-सहा उपाय होते, आणि त्यातले बहुतेक आजच्या शास्त्रालाही मान्य आहेत.

पहिलं, तोडायची वेळ. पानगळीच्या दिवसांत झाड तोडायचं, कारण तेव्हा थंडीत लाकूड हळू वाळतं. कुणी अमावास्या बघायचं. चंद्राचं मला सांगता येणार नाही, पण हंगाम पाळणं शहाणपणाचंच होतं. सागाच्या बाबतीत ब्रह्मदेशात, आणि पुढं इंग्रजी अमलात मोठ्या प्रमाणावर, आणखी एक रीत होती. उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि पांढरट लाकूड कापून कडं पाडायचं आणि झाड दोन-तीन वर्षं तसंच उभं सोडायचं. झाड उभ्या-उभ्या मरतं आणि उभ्या-उभ्याच हळूहळू वाळतं. हे मुळात नदीतून वाहत न्यायच्या सोयीसाठी होतं, कारण ओला साग पाण्यावर नीट तरंगत नाही. पण त्यात लाकडाचं वाळणंही सबुरीनं व्हायचं.

दुसरं, पाण्यात बुडवणं. ही खास बाभळीची रीत. ओढ्याच्या डोहात नाहीतर जुन्या विहिरीत बाभळीचे ओंडके काही महिने दगडाखाली दाबून ठेवायचे. बैलगाडीच्या चाकाला, नांगराला बाभूळच लागायची आणि ती मुरवल्याशिवाय सुतार हातात धरायचा नाही. ऐकायला उलटं वाटतं की वाळवायचं लाकूड पाण्यात का घालायचं? तर पाण्यात लाकडातला गोडसर रस निघून जातो, त्यामुळे किडा आणि भुंगा कमी लागतो. आणि उन्हाळाभर ओंडका डोहात असला म्हणजे ऐन कडक उन्हात वाळायचं टळतं. बाहेर काढल्यावर मात्र तो सावलीतच ठेवायचा. आता डोह कोरडे आणि विहिरींना मोटारी, तेव्हा ही रीत आपोआपच मोडली.

तिसरं, टोकांना लेप. शेण-माती, डांबर, मेण, हाताला लागेल ते. आजही लाकडाच्या मोठ्या वखारीत ओंडक्यांच्या तोंडाला रंग फासलेला दिसतो, तो शोभेचा नसतो.

चौथं, गाभा फोडणं. ओंडका आख्खा न वापरता मधोमध चिरायचा, म्हणजे बांगडी आधीच उघडली, तडकायचं कारण उरलं नाही. तुळईला हे जमायचं. खांबाला मात्र आख्खं झाडच हवं असायचं, म्हणून खांबांवर भेगा जास्त. जपानी सुतारांनी यावर छान तोड काढलीय. खांबाच्या ज्या बाजूला भिंत येणार त्या बाजूनं ते करवतीनं गाभ्यापर्यंत उभी खाच पाडून ठेवतात. लाकडाला फाटायचंच असेल तर त्यानं इथं, पाठीमागं फाटावं. समोरचा चेहरा अभंग राहतो. इंग्लंडातल्या सुतारांचा मार्ग वेगळाच. ते ओकचं लाकूड ओलंच वापरायचे, सांधे लाकडी खुंट्यांनी आवळायचे. लाकूड वाळलं की सांधा आणखी घट्ट होईल अशा बेतानंच ते काम करायचे, आणि भेगा पडणार हे धरून चालायचे. तिथली शेकडो वर्षांची घरं भेगांसकट उभी आहेत.

पाचवं आणि सगळ्यात साधं म्हणजे सबुरी. चिरलेल्या फळ्या सावलीत, जमिनीपासून हातभर वर, प्रत्येक दोन थरांत सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचायच्या. वारा फिरला पाहिजे, ऊन लागता कामा नये. इंचभर जाडीला एक वर्ष असा मोघम हिशेब जगभरचे सुतार सांगतात. घर बांधायचं ठरलं की बाप लाकूड तोडून ठेवायचा आणि पोरगा घर बांधायचा, असं म्हाताऱ्या बाया सांगतात. थोडी अतिशयोक्ती असेल. थोडीच.

इतकं करूनही लाकूड टिकायचं ते छपरामुळे, आणि छपराचं काम आपलं. रोहिण्या निघायच्या आत माळवदावर खारी पांढरी माती टाकणं, चोपणं, उगवलेलं गवत उपटणं, पन्हाळ मोकळी करणं हे बायांचं काम. घराच्या इतिहासात सुताराचं नाव निघतं, गवंड्याचं निघतं, माती चोपणारीचं कुणी काढत नाही. पण लाकूड एकदा वाळलं की त्याचा खरा वैरी म्हणजे भिजणं आणि वाळणं, परत भिजणं आणि वाळणं. दर खेपेला ते फुगतं, आकसतं, आणि जुनी भेग केसभर पुढं सरकते. आत पाणी गेलं की कूज आणि वाळवी. म्हणजे वर्षाला चार टोपल्या माती ही भेगेवरची सगळ्यात स्वस्त दवा होती. जोडीला चुलीचा धूर, आणि सणासुदीला चौकटीला करडईचं नाहीतर जवसाचं तेल. ही तेलं लाकडावर वाळून पातळ कवच धरतात. वाळवीसाठी बिब्ब्याचं तेलही लावायचे, पण त्यानं अंग उततं, ते नीट माहीत असलेल्या माणसानंच हाताळावं.

लाकूड सावलीत आणि कोरडं राहिलं तर किती टिकतं, याचा दाखला तुमच्यापैकी ज्या एकवीरेला जाऊन आल्यात त्यांनी बघितलाय. देवीच्या देवळाशेजारीच कार्ल्याचं लेणं आहे. आतल्या कमानदार छताला ज्या लाकडी फासळ्या आहेत त्या लेण्याइतक्याच जुन्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांच्या. डोंगराच्या पोटात ना ऊन, ना पाऊस.

आणि आपल्याकडे आज नेमकं उलटं होतंय. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणीकडची कितीतरी घरं पाडव्यापर्यंत कुलपात. चूल बंद, धूर बंद. अवकाळी पाऊस आला तर सवण्यावर झाकण टाकायला कुणी नाही. परत आल्यावर अंग मोडलेलं, लगेच शेताची कामं, मग माळवदावर माती कोण टाकणार? दोन-तीन पावसाळे असे गेले की तुळईच्या टोकाला भिंतीत ओल धरते. लोक म्हणतात, लाकूड जुनं झालं. वयानं काही बिघडत नाही, तीनशे वर्षांचं लाकूडही चालतं. त्याची देखभाल थांबली, इतकंच.

मैत्रिणींनो, किल्लारीचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना धरणी हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत सुमारे ८००० माणसं गेली. बहुतेक दगडमातीच्या घरांखाली. तेव्हापासून मराठवाड्यात माळवदाचं नाव काढलं की अंगावर काटा येतो, आणि ते साहजिक आहे. पण नंतर तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. कितीतरी घरांत जाड भिंती फुगून कोसळल्या होत्या आणि आतला लाकडी सांगाडा छपरासकट उभा होता. माणसं मेली ती भिंतीच्या दगडांनी आणि वरच्या मातीच्या वजनानं. दर वर्षी थरावर थर चढत जाऊन माती कुठं दोन फुटांपर्यंत गेली होती. जुनी काढायची आणि मग नवी टाकायची, हे आपण विसरलो होतो. जिथं सांधे ढिले, कुसवं कुजलेली किंवा चिरलेली, तिथं सांगाड्याचाही भरवसा उरत नाही.

पुढं पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी गेली, आणि बाकीच्या शेकडो गावांत उभ्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं ठरलं. छपरावरची माती वीतभर ठेवा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके आधार ठोका, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवा, असा सल्ला होता. तो घरोघर पोचवला कुणी? स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' उभ्या केल्या. ज्या बायांनी तोवर इंजिनिअरसमोर तोंड उघडलं नव्हतं, त्या टेप घेऊन भिंती मोजू लागल्या. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा यांतल्या काही जणी तिकडच्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या. आपल्या बचत गटांच्या चळवळीची एक मुळी तिथंही आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता कामाचं. तुमच्या घरात माळवद असेल आणि खांबावर वरून खाली जाणारी, लाकडाच्या रेषेतली उभी भेग असेल, तर घाबरू नका आणि भाव पाडू देऊ नका. ती वाळतानाची भेग आहे. खांबावर वजन वरून खाली येतं, त्याला अशा भेगेनं सहसा धोका नसतो. भेग वर्षानुवर्षं तेवढीच आहे का, हे बघायला टोकाशी खडूनं खूण करून तारीख लिहून ठेवा. तुळईचं तसं नाही. तुळईच्या टोकाशी, बाजूनं आडवी, लांब चाललेली भेग असेल तर ती गंभीर घ्या. एक जाड तुळई फुटून एकावर एक दोन पातळ झाल्या, तर त्या मिळून निम्मंच वजन पेलतात. खाली टेकू द्या आणि सुताराला दाखवा. लाकडाच्या रेषा आडव्या तोडून गेलेली चीर दिसली तर ती भेग नव्हेच, ते मोडणं आहे, त्या खणाखाली झोपू नका. सांध्यात ठसा पडलेला, भुगा पडलेला, टोकरल्यावर पोकळ वाजणारं लाकूड हेही वाईट. भेगांत सिमेंट मात्र भरू नका. सिमेंट आकसत-फुगत नाही, लाकूड करतं, मग कडेनं फट पडते आणि आत पाणी अडकतं. त्यापेक्षा लोहाराकडून लोखंडी पट्टी आवळून घ्या, चाकाला धाव चढवतात तशी.

नव्या घरकुलाच्या दार-चौकटीचंही हेच. घरकुलाच्या पैशात सागवान बसत नाही, म्हणून निंब नाहीतर निलगिरी घेतली जाते. एका गावात आमच्या गटातल्या सात-आठ जणींनी एकाच दुकानदाराकडून चौकटी घेतल्या. लाकूड वाळलेलं आहे, असं त्यानं छातीठोक सांगितलं होतं. होळीपर्यंत एकेकीच्या दारात करंगळी जाईल एवढ्या फटी, दोन दारं तर बंदच होईनात. त्यानं हात वर केले. निलगिरी मुळातच पीळदार आणि फुटणारी, ओली कापली तर फारच. तिचा दोष कमी, घाई करून विकणाऱ्याचा जास्त.

यावर दुकानदाराच्या शब्दापेक्षा तराजू बरा. सौदा करायच्या आधी त्याच लाकडाचा वीतभर तुकडा मागून घ्यायचा. अगदी टोकाचा नको, टोकं आधीच वाळलेली असतात. घरी आणून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करायचं, तुकड्यावरच लिहायचं, आणि तो सावलीत वाऱ्याला ठेवायचा. दर आठवड्याला एकदा वजन. उतरत राहिलं तर लाकूड ओलं आहे, तेव्हा थांबा किंवा दुसरीकडे बघा. लागोपाठ दोन-तीन आठवडे काटा जागचा हलला नाही, तर सुताराला बोलवायला हरकत नाही. पावसाळ्यात हे करू नका. हवेतच पाणी असतं, लाकूड ते पीत राहतं आणि काटा उगाच फसवतो. दिवाळीनंतर करा.